घरची की उसनी

“दात दाखव,” यल्लामास्तर म्हणाले.

भर जत्रेत, जोगाईच्या देवळापुढं, चारी बाजूंनी माणूस दाटलेलं. माझ्या अंगात आबांचा लाल कोट, पितळी बटणांचा, बाह्या दुमडून दुमडून कोपरापाशी आणलेल्या. खाली आईचं हिरवं लुगडं. आणि हा पांढऱ्या मिशांचा माणूस बैलबाजारात उभा असल्यासारखा मला दात दाखव म्हणतोय. दुसरी कुणी असती तर लाजून मेली असती. मी ओठ मागं ओढले आणि सगळी बत्तिशी उघडून दाखवली.

“एखादा हलतोय का?”

“माझा न्हाय हलत. तुमचा हलत असंल तर आत्ताच सांगा, मास्तर. मग झडती तरी कशाला? मान तसाच सोडून द्या!”

अशी काही हसली माणसं! यल्लामास्तरही हसले, पण तोंड मिटून, मिशीतल्या मिशीत.

दातांची चौकशी त्यांनी उगीच केली नव्हती. क्लारनेट वरच्या दातांखाली घट्ट धरावं लागतं. समोरचे दात गेले की वाजवणारा संपला, मग फुप्फुस कितीही भरभक्कम असू दे. माझ्या आबांचं तेच झालेलं. गेल्या लग्नसराईत वऱ्हाडाच्या ट्रकमधून उतरताना तोंडावर पडले आणि समोरचे दोन्ही दात गेले. गेजगे ब्रास बँडचा मास्तर एका दुपारीत मुका झाला. भाऊ मला नाही. लहानपणापासून आबांच्या शेजारी बसून मी पण फुंकत होते, हसण्यावारी. दुसऱ्या दिवशीच्या वरातीत कोट मी घातला. लोक बघायला लागले. बघेनात का! बँडला बघायलाच तर बोलावतात.

आता झडती म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बँडवाले वाजवतात काय? दुसऱ्याचं. सिनेमातलं गाणं, फडावरची लावणी, भजन, आरती, सनईवाल्याची एखादी धून. सापडेल तिथून उचलायचं, क्लारनेटवर बसवायचं आणि वरातीपुढं ठोकून द्यायचं. ह्याला आम्ही उसनी धून म्हणतो. त्यात लाज नाही, आमचा धंदाच तो. पण हजारात एखादा मास्तर अशी धून बांधतो, जी आधी कुणी गायलेली नाही, कुणी वाजवलेली नाही. क्लारनेटच्याच पोटातून आलेली. ती घरची.

हिवरवाडीच्या जत्रेत ह्याचीच झडती व्हायची. ज्या बँडकडं पालखीपुढं चालायचा मान असेल, त्याच्या मास्तरानं एक धून वाजवायची. ज्याला मान पाहिजे, त्यानं सांगायचं, घरची की उसनी. देवळाच्या पायरीवर गुरव ताटलीत कापूर पेटवायचा, आणि तो विझायच्या आत उत्तर आलं पाहिजे. उसनी म्हणालात तर मूळ चीज तिथल्या तिथं वाजवून दाखवायची. नाही आली तर तिथंच हार. मूळ वाजवता आली, किंवा घरची म्हणालात, तर वाजवणारा जोगाईच्या भंडाऱ्यावर हात ठेवून काय खरं ते सांगणार; उत्तर बरोबर निघालं तर मान तुमचा. आईच्या भंडाऱ्यावर खोटं बोलायची छाती आमच्याकडं कुणाची नाही.

मान यल्लामास्तरांकडं किती वर्षं होता, विचारू नका. मी जन्मल्यापासून तरी त्यांच्याकडंच. आबांनी दर जत्रेला झडती दिली आणि दर जत्रेला हरून पालखीमागं चालले. आणि ज्याचा मान त्याच्याच दारात पंचक्रोशीतल्या लग्नांच्या सुपाऱ्या. बाकीच्यांनी बारशाला वाजवायचं.

त्या सकाळीच तुकाकाकानं आबांना ऐकवलेलं. तुकाकाका आमचा ढोलवाला, आबांचा सख्खा धाकटा भाऊ. मनानं चांगला पण तोंडानं फटकळ.

“दादा, आज शेवटचं. पोरं माझ्याकडं आल्यात. यंदा मान न्हाय आला तर ती काय ऱ्हात न्हाईत. ट्रम्पेटवालं पोरगं यल्लामास्तराकडं निघालंय, झांजवाला मुंबईला. मी पण ढोल कुणापुढं बडवू? घरात?”

आबा दात पडलेल्या तोंडानं म्हणाले, “आन् शेवंता?”

“तिचं काय? लगीन करून दे. क्लारनेट काय हुंड्यात देणार हायस?”

मी चुलीपुढं बसून रीड भिजवत होते. रीड म्हणजे वेताची पातळ पट्टी. ती थरथरते म्हणून क्लारनेट बोलतं. ती पट्टी तोंडात, म्हणून मी गप्प राहिले. नाहीतर काकाला सोडला नसता. पण त्याचं खरं होतं. हरले तर बँड मोडणार, कोट ट्रंकेत जाणार आणि मी कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापणार. सरळ गोष्ट होती.

तर असं सगळं त्या कापराच्या वडीवर येऊन ठेपलेलं.

सखाराम गुरवानं काडी ओढली. यल्लामास्तरांनी क्लारनेट कपाळाला लावलं, दोन्ही बाजूंना मान झुकवली आणि वाजवायला लागले.

काय सांगू तुम्हांला! आजही नुसती आठवण आली तरी अंगावर काटा येतो. पहिला सूर खालचा, एकदम खोल, रांजणातून यावा तसा. तो हळूच वळला, वर सरकला, परत खाली आला, आणि मग अशी वाटोळी ठेका धरून धून निघाली की ढोलवाल्यांचे पाय आपोआप हलायला लागले. मी कान टवकारून उभी. आबांनी मला पढवलेलं सगळं डोक्यात चाललेलं. गाण्यावरून उचललेली धून असली की शब्दांच्या खुणा राहतात; एकाच सुरावर तीन-तीनदा ठोका पडला तर समज, तिथं अक्षरं होती. ओळ संपते तिथं श्वास घेतलेला असतो. सनईवरून आणलेली असली की सूर घसरत घसरत जातो. ह्या खुणा शोध, आबा म्हणायचे, चोर पकडल्यासारखा शोध.

आणि मी शोधायच्या आधीच जमलेल्या बायकांनी शोधून टाकलं की हो! बायकांच्या घोळक्यातून एकदम हुंकार उठला. मग हसू. मग चक्क गाणंच सुरू झालं:

“मांडवाच्या दारी कुणी सांडली हळद,
सांडली, सांडली गं, सांडली हळद…”

आणि टाळ्या! कडकडकड, सगळ्या बायकांच्या एकदम. मग पुढची ओळ.

अहो, हळदीचं गाणं! आमच्या भागात ह्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नव्हती. माझ्या दोन्ही चुलत बहिणींच्या हळदीला मी घसा फोडून गायलेलं. ‘सांडली हळद’ झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि मग पुढं जायचं. यल्लामास्तर वाजवत होते, बायका गात होत्या, टाळ्या पडत होत्या. सगळी जत्रा डोलत होती.

तुकाकाकाचा चेहरा तर तव्यावरच्या भाकरीगत फुगला. तो माझ्या कानाशी आला.

“शेवंते! अगं, हळदीचं गानं! म्हातारं चळलं का काय? वाजव, वाजव, उसनी म्हन आन् वाजव!”

“थांबा काका.”

“थांबा काय? कापूर बघ!”

कापूर धडाडून पेटलेला. धून संपली. मास्तरांनी क्लारनेट खाली घेतलं आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. चेहऱ्यावर काही नाही. भिंतीकडं बघावं तसं माझ्याकडं बघत होते.

मला ते बरं वाटेना. इतकी वर्षं जो माणूस हरला नाही, तो पोरीबाळींना ठाऊक असलेलं गाणं वाजवील? मी आबांकडं पाहिलं. ते पायरीखाली बसलेले, मान जोरजोरात हलवत होते.

“उस्नीच हाय गं,” आबा म्हणाले. “तुझ्या आईनंच किती येळा म्हटलंय. घाल फुक!”

मी क्लारनेट तोंडाला लावलं. फुंकणार तेवढ्यात बोटं आपोआप चाव्यांवर गाणं जुळवायला लागली. मांडवाच्या दारी, बोटं बसली. कुणी सांडली हळद, बसली. सांडली, सांडली गं, सांडली हळद… आणि तिथं बोटं थांबली. टाळ्यांची जागा आली ना! टाळ्यांना कुठली बोटं?

मग मास्तरांची बोटं तिथं काय करत होती?

मी समोर, जरा एका अंगाला उभी होते, हाताच्या अंतरावर. टाळ्यांच्या कडकडाटात ऐकू काही धड आलं नाही, पण डोळ्यांनी मी बघितलेलं. त्या जागी मास्तरांची बोटं हललीच नव्हती. नुसता डावा अंगठा हलला होता, क्लारनेटच्या पाठीमागं. आणि टाळ्यांच्या खालून कुठूनतरी एक सूर सर्रकन वर गेल्यासारखा वाटला होता.

क्लारनेटच्या पाठीला एक चावी असते, डाव्या अंगठ्याखाली. खालचा सूर वाजत असताना बाकीची बोटं तशीच ठेवून ती एवढी दाबली की सूर उडी मारतो. आणि उडी कसली! बासरीत, सनईत जोरात फुंकलं तर सा चा वरचा सा मिळतो. क्लारनेटचं तसं नाही. ते वरचा सा ओलांडून थेट त्याच्यापुढच्या पंचमावर जाऊन बसतं. असली उडी दुसऱ्या कुठल्या फुंकायच्या वाद्याला एका अंगठ्यावर जमत नाही. आणि माणसाच्या गळ्याला तर नाहीच.

“शेवंते, इझाय लागला!” काका ओरडला.

खरंच, ज्योत खाली आलेली. काकानं माझं कोपर धरलं. आबा हात जोडायला लागले, स्वतःच्या पोरीपुढं! माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. मला एकच गोष्ट पाहिजे होती आणि ती बँडमधल्या कुणाला विचारून उपयोग नव्हता.

मी बायकांच्या घोळक्याकडं वळून बेंबीच्या देठापासून ओरडले, “आई! ए आई! हळदीच्या गान्यात तिथं टाळ्या का वाजवता गं?”

आई पुढंच होती, डोक्यावर नैवेद्याची पाटी घेऊन. तिला वाटलं, पोरगी बिथरली.

“आता गं बया! ही काय इचारायची येळ हाय?”

“सांग लौकर! टाळ्या का?”

“मग काय करायचं? गळा पोचतोय का तिथवर कुनाचा? माझी आई सुदिक टाळ्याच वाजवायची!”

गळा पोचत नाही. म्हणजे पोचायला तिथं काहीतरी होतं! काका, आबा, सगळी जत्रा, ऐकलंत का? बायकांनी आपलं गाणं आपणच रचलं असतं तर स्वतःच्या गळ्याला न झेपणारी जागा त्यात ठेवली असती का? त्या काय खुळ्या आहेत? कुणीतरी वाजवलं, त्यांनी ऐकलं, त्यावर शब्द बसवले, आणि जिथं गळा थकला तिथं टाळ्या वाजवून पुढं गेल्या. गाणं धुनेवरून निघालेलं, धून गाण्यावरून नाही! बायका ज्या जागी ‘सांडली, सांडली’ म्हणत ठोके देत होत्या, तिथं मास्तरांचा सूर एकसंध होता, एक लांब सूर, मोडच नाही त्याला. शब्दांची खूणच नव्हती. मी बहिरी, म्हणून बायकांचे शब्द मास्तरांच्या सुरात ऐकत बसले!

ताटलीत निळा ठिपका उरलेला.

“घरची!” मी ओरडले. “घरची, घरची, घरची!”

कापूर विझला.

मग जो हशा उसळला! कुणी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, हिला हळद लावा आधी. तुकाकाकानं ढोलाची काठी जमिनीवर आपटली. “बुडीवलं!” तो म्हणाला. “पोरीनं बुडीवलं, दादा!” आबांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

गुरवानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. भंडाऱ्याची परात पुढं आली. “यल्लामास्तर, हात ठिवा आन् काय खरं ते सांगा.”

मास्तर हलेनात.

“मास्तर?”

“थांब सखाराम.” ते माझ्याकडं आले. आवाज नेहमीचा नव्हता. “पोरी, कशावरनं म्हणतीस?”

“अंगठ्यावरनं,” मी म्हणाले. “टाळ्यांच्या जागंला तुमची बोटं हलली न्हाईत, नुस्ता अंगठा हलला. ती उडी क्लारनेटबिगर कुनाला जमायची न्हाय. आन् तेवढी जागाच गान्यातनं गळून पडलीया. मूळ धून अख्खी, आन् गान्याला भोक. मग आधी कोन, मास्तर?”

“वाजवून दाखव.”

दाखवली. म्हणजे दाखवायला गेले. सुरुवात झकास केली, लांब सूर धरला, त्या जागेवर आले, अंगठा दाबला आणि क्लारनेट असं चिरकलं, असं चिरकलं की देवळावरची कबुतरं उडाली. पुन्हा हशा. माझं तोंड कोटापेक्षा लाल झालं.

पण यल्लामास्तर हसले नाहीत. ते वळले, परातीपाशी गेले आणि मनगट बुडेपर्यंत हात भंडाऱ्यात घातला.

“घरची हाय,” ते म्हणाले. एवढ्यानं त्यांचं भागलं नाही. मान वर करून, सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, “माझी हाय! मी बांधलीया!”

आणि हा एवढा मिशाळ माणूस, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला जावं तर हात पिवळा. गालावर भंडारा लागला, मिशीला लागला. मी जिंकले होते, पण ओरडायला तोंडच उघडेना.

ओरडला तो तुकाकाका. मला खांद्यावरच घेणार होता. “म्हनलं न्हवतं का, पोरगी लई हुशार!” असं म्हणाला, लाज कशी नाही बघा! आबा रडत होते का हसत होते, दात पडलेल्या तोंडावरून काही समजत नव्हतं.

मास्तर पायरीवर टेकले. मी जवळ जाऊन बसले.

“कवा बांधली, मास्तर?”

“तुझ्याएवढा हुतो. नवं क्लारनेट आलेलं. आमच्या हिरीवर बसून फुकायचो. एकदा अंगठा चुकून चावीवर पडला आन् सूर जो उडाला! मी दचकून हिरीत पडायचा ऱ्हायलो.” ते हसले. “त्या उडीसाठीच बांधली बघ. आधीचं सगळं नुस्तं तिथवर जायची वाट.”

“मग सांगितलं का न्हाय कुनाला?”

“सांगितलं न्हाय? ह्याच झडतीत वाजवली, पयल्यांदा मान घेतला तेच्या फुडच्या वर्षी. समोरचा म्हनला उसनी. मूळ वाजीव म्हनलं तर तेला येईना. संपलं, मी जिंकलो. भंडाऱ्यावर हात ठिवायची पाळीच आली न्हाय. मग मी सांगत सुटलो, घरची हाय, घरची हाय. लोक म्हनायचे, मास्तर, मूळ कुठलं ते आता कशाला लपवताय, जिकलाय न्हवं?” त्यांनी मिशीवरचा भंडारा झटकला. “फुडं बायकांनी शब्द घातले. मग एका लग्नात नवरीची आजी मला म्हनली, मास्तर, आमचं हळदीचं गानं लई झ्याक वाजवता बरं का. त्या दिसापास्नं वाजवायचं सोडलं.”

तुकाकाका मागंच उभा होता. “मग आजच बरी काढली? आमास्नी अडकवायला?”

“व्हय की!” मास्तर बेधडक म्हणाले. “उसनी म्हनली असती तर भंडाऱ्यावर हात ठिवून हरीवली असती. खेळ हाय त्यो. मान काय फुकट सोडायचा?” मग माझ्याकडं वळून आवाज खाली आणला. “आन् एक मन म्हनत हुतं, कुनीतरी वळखावी. मगाशी इचारलंस न्हवं का, माझा हलतोय का म्हनून?”

त्यांनी वरचा ओठ बोटानं उचलला. समोरचा दात होता, पण जिभेनं ढकलला तसा लांबवर हलला.

“फुडच्या जत्रेला ह्यो न्हाय,” ते म्हणाले. “म्हनून आज.”

मी त्यांच्या पायाला हात लावून उठले.

पालखी उठली. गुलाल उधळला, भंडारा उधळला, आणि पहिल्यांदा, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, गेजगे ब्रास बँड पालखीच्या पुढं उभा राहिला. आबा माझ्या शेजारी, हात रिकामे, पण छाती अशी काढलेली की विचारू नका. मागं वळून बघितलं. पालखीच्या पाठीमागं यल्लामास्तरांचा बँड, वाद्यं खाली धरून. हरलेल्या बँडनं देवळाला फेरा पूर्ण होईपर्यंत वाजवायचं नाही, असा रिवाज. मास्तर एकटेच क्लारनेट छातीशी धरून चालत होते.

“काय वाजवायचं?” काकानं विचारलं. “आरती का ती नव्या सिनेमातली?”

“त्येंची,” मी म्हणाले.

“कुनाची?”

“यल्लामास्तरांची. ढोल धरा.”

आणि मी तोच खोल सूर धरला. धून वळली, वर सरकली, ठेक्याला लागली. पोरांनी ट्रम्पेट भिडवलं, काकाचा ढोल घुमला, बायका पालखीच्या दोन्ही अंगांनी गायला लागल्या. मांडवाच्या दारी कुणी सांडली हळद. मी पुढं पुढं जात होते आणि ती जागा जवळ येत होती. मला ती वाजवता येत नव्हती, सगळ्या जत्रेनं ऐकलेलं. वाजवता आली असती तरी मी वाजवली नसती. सांडली, सांडली गं, सांडली हळद. मी हात वर करून काकाला खूण केली. ढोल थांबला. बँड थांबला. बायकांचे हात टाळ्यांसाठी वर गेले. मी मागं वळले आणि क्लारनेट तोंडावेगळं केलं.

पालखीच्या मागून तो सूर आला.

खालून उठला आणि एका अंगठ्यानिशी असा वर गेला, असा स्वच्छ, की शेंदरी कळसावरून पार पलीकडं गेल्यासारखा वाटला. आणि तिथंच थांबला, थरथरत, मास्तरांचा दम संपेपर्यंत.

सखाराम गुरव धावत आला. “अवो, हरलेल्यानं वाजवायचं न्हाय!” त्याला माझ्या आबांनी खांद्याला धरून गप्प उभा केला.

टाळी एकही पडली नाही. बायकांचे हात तसेच हवेत राहिले. माझी आई पालखीच्या दांडीशी उभी होती, डोक्यावर पाटी, एक हात पाटीला आणि एक वर. सूर विरला तसा तिनं तो हात हळूच खाली घेतला.

“आसं हाय व्हय ते,” आई म्हणाली.